टाचण्या

सकाळी सात. बुटांवर अजून टेकडीची लाल माती.
ओठांत चार टाचण्या धरून
मी फळ्यासमोर उभा राहतो, शिंप्यासारखा.
आतून कागद येतात. शिक्का बघायचा, लावायचा.
एकोणीस वर्षं.

पदव्युत्तर विभागाच्या या फळ्याचं हिरवं कापड
मधोमध विरलंय,
कारण प्रत्येकाला आपला कागद मधोमध हवा असतो.

या आठवड्यात:
तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा.
नैरोबीला परिषद, प्रवासखर्च अर्धा.
जर्मनीची शिष्यवृत्ती, वय बत्तिशीच्या आत.
आणि गुरुवारी 'शोधनिबंध कसा लिहावा', चहा व समोसे.
समोशांच्या कागदाला सगळ्यात जास्त बोटं लागतात.
मी हसत नाही. मीही जातो.
एकदा हजेरीच्या तक्त्यावर 'डॉ. लुबवामा' अशी सही ठोकली
आणि मोटारसायकलचं भाडं खिशात घालून घरी आलो.

समोरच्या झाडांवर माराबू करकोचे बसतात,
टकले, काळ्या कोटातले,
तोंडी परीक्षेच्या परीक्षकांसारखे.
कुणाचं काही चुकलं की मान वाकडी करतात.

अकितेंग सोरोटीकडची.
कसाव्याच्या मुळांतला तपकिरी रोग हा तिचा विषय.
झाड वरून हिरवंगार, म्हणायची,
आणि उपटलं की आत सगळं सडलेलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा कंद
तिच्या पिशवीत नेहमी असायचा.
रोज फळ्यापाशी यायची.
'मझे, काही नवं?'
पोस्टमनला विचारावं तसं.
मी म्हणायचो, 'नाही, पोरी.'

आता ते सांगतो.

मार्चमधला शुक्रवार होता, दुपार.
कागद आला: कंदमुळांच्या रोगांवर काम,
हॉलंडमध्ये एक वर्ष, राहणं-खाणं सगळं त्यांचं.
टाचणी ओठांतून काढली
तेवढ्यात मसाक्याहून फोन.
माझा भाऊ सेरुंकूमा गेला.

कागदाची घडी केली. कोटाच्या खिशात ठेवली.
कोट घालून मी चार दिवस
केळीच्या बागेत माणसांना खड्डा दाखवत होतो,
मग माती, मग जेवणावळी, मग भावाची देणी.
परत आलो तेव्हा कोट खिळ्याला टांगला.

'मझे, काही नवं?'
'नाही, पोरी.'
खरंच वाटायचं मला तसं. एवढं तरी लिहून ठेवा.

ऑगस्टमध्ये पुतणीच्या सोयरिकीला कोट काढला.
खिशात हात घातला.
घडीत मसाक्याची माती होती,
आणि शेवटची तारीख: तीस एप्रिल.

मी कुणाला सांगितलं नाही.
डिसेंबरात अकितेंगचे पैसे संपले.
आता ती मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते.
लग्नाला बोलावलं होतं तिनं.
माझा हात धरून नवऱ्याला म्हणाली,
'हे आमचे मझे. यांच्यामुळे सगळं कळायचं.'
मी मटणाचा तुकडा चावत राहिलो.

अर्ज चारशे आले असतील. जागा एक.
गणित मी बऱ्याचदा केलंय.
गणितानं सुटतो मी. रात्री मग
टाचणी कुठे संपते आणि टोचणी कुठे सुरू होते
ते हाताला लागत नाही.

हल्ली कागद आला की आधी लावतो,
शिक्का नंतर बघतो. साहेब ओरडतात.
परवा एक कुत्र्यांच्या लसीकरणाचाही लागला.

आणि त्या रविवारी, कुणी नसताना,
तोही लावला. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात,
जिथे वाचायला गुडघ्यांवर बसावं लागतं.
सोमवारी एक पोरगा बसलाच.
'मझे, याची तारीख कधीच गेली.'

'माहीत आहे,' मी म्हटलं.
टाचण्या ओठांत होत्या.
त्याला नीट ऐकू गेलं नसावं.