मडकं अजून पालथंच

नजरबागेमागे छुट्टनने पिंजरा दिव्यापर्यंत उचलला.
"जोड़ा तैयार है बाबूजी, पूरे साल भर का.
बस, मटकी टाँग दीजिए."
मी घरी येऊन तस्सं सांगितलं
आणि कुमुदने रात्री मूठभर मटकी भिजत घातली.

दोन दिवस हसलो. मोड आलेले दाणे पाखरांनी खाल्लेसुद्धा.

मग हिरवीला, मेथीला, खिडकीशी नेलं, चष्मा पुसला.
नाकापासून टाळूपर्यंत बारीक काळ्या रेघा,
दुरेघी वहीसारख्या, एकही पुसलेली नाही.
डोळा सगळाच काळा, मिऱ्याच्या दाण्यासारखा.
म्हणजे तीन महिने. ओढूनताणून साडेतीन.
छुट्टनचं साल
उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा थोडंसंच मोठं.

हे मला आता कळतं.
आधीच्या पिवळीच्या वेळी कळत नव्हतं.
तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.
तिच्याही डोळ्यात कडं नव्हतं, पाहिलं कुणी?
मडकं टांगलं, ती आत शिरली,
आम्ही शेजारी पेढे द्यायचेच बाकी होतो.
नवव्या दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली,
श्वासाबरोबर शेपूट वर, खाली, वर.
अंडं अडकलं होतं.
कुमुदने कोमट फडका धरला. रविवार. दवाखान्याला कुलूप.
संध्याकाळी माझ्या तळहातावर
मूठभर चिल्लरीएवढं वजन,
त्यातलं एक नाणं अंड्याचं.

तेव्हाच मडकं काढून फडताळावर पालथं घातलं.

आता वही आहे. मोतीझीलला तीस वर्षं
पाण्यातलं क्लोरीन तासातासाला लिहिलं,
हाताला सवय आहे.

*चार एप्रिल. मेथीच्या कपाळावरच्या रेघा नाकाजवळ विरळ. पिसं झडतात.*
*बावीस मे. लू. पिंजऱ्यावर ओली चादर. दोघं चोच उघडी टाकून.*
*नऊ जून. शाईच्या नाकाला पक्का निळा रंग. तो तिला दाणा भरवायला जातो.*
*ती चावते.*

बरोबर चावते, असं मी वहीत लिहिलं नाही.

तीस जूनला मला शाल आणि नारळ मिळाला.
बासष्ट पूर्ण, कागदावर.
आई सांगायची, तू झालास तेव्हा वाटाणे स्वस्त होते,
मी सूप मांडीवर घेऊन सोलत होते.
वाटाणे काय जुलैत येतात?
पण राजूरकर मास्तरांनी एक जुलै लिहिलं,
माझ्या मागच्या मुलालाही एक जुलै,
त्याच्या मागच्यालाही.
शाई वाळायच्या आत आम्ही तिघं जुळे झालो.

ऑगस्टात डोळे तपासले. डॉक्टरीणबाई तरुण, घाईत.
"बुबुळाभोवती पांढुरकं कडं आलंय काका.
वयाचं आहे. त्रास नाही त्याचा."
घरी येऊन आरशात पाहिलं. होतं खरं.
मग भिंगातून मेथीकडे पाहिलं.
तिच्याही डोळ्यात आलेलं,
पांढऱ्या दोऱ्याएवढं, पुरतं गोल.
ती मान तिरकी करून
माझ्या डोळ्यात बराच वेळ काहीतरी तपासत राहिली.

भाचीची ओवी दर रविवारी फोन करते:
पिल्लं झाली?
नाही गं.
मग तुम्ही करता काय दिवसभर?

दिवाळीपर्यंत नाक फिकट निळ्यावरून तपकिरी झालं,
बदामाच्या सालीसारखं, खरखरीत.
मेथी आता लाकूड पोखरते, वर्तमानपत्राची कड फाडते,
शाई गाऊ लागला की जागची हलत नाही.
कुमुद म्हणते, आता टांगा की हो,
तिला कळतंय, तुम्हाला कळत नाही.
मी म्हणतो, वर्ष तरी भरू दे. शिवाय ग्वाल्हेरची थंडी,
जानेवारीत घागरीतलं पाणी दाताला लागतं,
उघड्या पिल्लांचं काय होईल?
ती म्हणते, अहो, पिवळी गेली ती तुमच्यामुळे नाही.
मी वहीचं पान उलटतो.

*एकवीस नोव्हेंबर. मडकं टांगायला आणलेली सुतळी*
*पिंजऱ्याजवळ राहिली होती. मेथीने गजांतून ओढून*
*तिचे तुकडे केले.*
*नवी आणायची. फाल्गुनात.*