चमच्यावरची वाफ

मंगरुळे बाईंनी थंड पोलादी पट्टी नाकाखाली धरली,
म्हणाल्या, सोडा श्वास.
पट्टीवर दोन ढग उमटले.
डावा रुपयाएवढा.
उजवा तुरीच्या डाळीएवढा, तोही लगेच विरला.

"आतला पडदा वाकडाय तुमचा."
जन्मभर नाकासमोर चाललो मी,
आणि नाकच सरळ नव्हतं.

सव्वीस वर्षं टॉवेलच्या मागावर,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
सुताचा भुगा पिठासारखा तरंगतो.
संध्याकाळी शिंकरलं की रुमालात
त्या दिवशीचा रंग.
परवा मोरपंखी होता.
राजमणी म्हणते, कुठली ऑर्डर चाललीय
ते तुमच्या नाकालाच विचारावं.

रात्री ती हसत नाही.
मी घोरतो, मध्येच थांबतो,
आणि त्या थांबण्यानं ती उठून बसते,
माग बंद पडला की डुलकीतला मुकादम दचकतो तशी.

भाचा पुण्याहून सांगतो, करून टाक मामा, एका दिवसाचं काम.
इरण्णा सांगतो, साडूनं केलं,
पैसे गेले, शिंका राहिल्या.
दोघंही खरंच बोलत असणार.

बाईंनी नाकात थेंब सोडले,
दहा मिनिटं बाकावर बसवलं,
परत पट्टी.
उजवा ढग वाढला. चार आण्याएवढा. रुपया नाही.
"वाढला तेवढा सुजेचा. उरलं ते हाडाचं.
फवाऱ्यानं हाड सरळ होत नाही,
आणि भुग्याची सूज मी कापून काढली
तरी शेडमध्ये ती परत येणार.
दीड महिना फवारा, मिठाचं पाणी, तोंडाला फडकं.
ते रात्रीचं थांबणं नाकाचंच असेल असं नाही,
त्याची तपासणी वेगळी.
आणि एक सांगा,
तुम्हाला नक्की काय हवंय?"

असं कुणी विचारलं नव्हतं.
पीस किती, खाडे किती, एवढंच विचारतात.
म्हटलं, तोंड मिटून झोपायचंय.
मग, जरा थांबून,
शेंगा भाजल्या की वास यावा.
"वासाचं वचन देत नाही मी," त्या म्हणाल्या,
आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं.

आता फडकं बांधतो. शेडमधली पोरं हसतात.
आपणच विणलेलं आपणच नाकाला.
मे महिन्यात इथं चमच्यावर वाफ धरत नाही,
म्हणून एक चमचा माठात बुडवून ठेवतो,
रात्री काढतो, पुसतो, बघतो.
उजवा कधी चार आणे, कधी आठ आणे,
शुक्रवारी परत डाळ.

काल राजमणी म्हणाली, बघू इकडं.
तिनं श्वास सोडला.
तिचेही दोन ढग सारखे नव्हते.
आम्ही दोघं चमच्याकडं बघत राहिलो, तो कोरडा होईपर्यंत.
मग ती कुशीवर वळली
आणि तोंड मिटून झोपली.

अजून बारा दिवस आहेत.
चमचा माठात परत टाकला.