मोजणी

तालमीला कुलूप. हौद्यातली माती भेगाळली,
तिला ताक पाजायला कुणी नाही.
वस्ताद फोनवर खेकसले, "अंग गंजवू नको लगा."

मग सिलिंडर उचलले.
गंगावेशीपासून पापाच्या तिकटीपर्यंत
अरुंद जिने, खांद्याला लोखंड गार.
मोजत गेलो: मुल्लाणी चाचांकडं एकवीस पायऱ्या,
इंगवल्यांकडं चौतीस, आणि वर पत्र्याची खोली.
रात्री वस्तादांना आकडा सांगायचा.
ते म्हणायचे, "बैठका भरल्या."

भरलेला सिलिंडर मुका असतो.
रिकामा मात्र पायरीला लागला की घंटेगत वाजतो
आणि गल्लीभर दारं उघडतात: कोण गेलं?

म्हणून उतरताना
त्याला पोटाशी धरतो, झोपलेल्या पोरागत.

इंगवल्यांच्या जिन्यावर परवा
पायऱ्या मोजायच्या राहिल्या.
वस्तादांनी विचारलंच नाही.