अंग चोरून

हुसाविकच्या तलावाशी, न्हाणीघराच्या भिंतीवर
बाईची नुसती आकृती आहे, आणि लाल डाग:
डोकं, काखा, जांघा, तळपाय.
इथे साबण लावा. मगच पाण्यात उतरा.

थोर्डिस, वय चौदा,
टॉवेल दातांत धरून उभी.
तिचे लाल डाग वेगळे आहेत.
दंडाची मागची बाजू. पोट. गुडघ्यावरचं ते थुलथुलीत.
एम्ब्लानं शोधून दिले, हसत हसत,
वर्गसहलीच्या फोटोत बोट ठेवून.

शेजारी पोस्टातली ओलोफ
पोटाची वळी उचलून खाली फेस चोळते आहे
आणि पलीकडच्या बाईशी भांडते आहे
हॅडकच्या भावावरून.
एवढी मोठी बाई. नागडी. आणि मासळीचा भाव!

थोर्डिस अंग चोरते.
खांदे आत, पोट आत, श्वास आत.
चोरून चोरून माणूस
स्वतःचं किती चोरणार?
शॉवर आपोआप बंद पडतो.

"बटण दाब परत," ओलोफ म्हणते, न बघताच,
"आणि माझ्या पाठीला लाव गं जरा,
हात पोचत नाही."

पाठ रुंद. मधोमध एक केसाळ तीळ.
दोन्ही हात लागतात.
टॉवेल कधी सुटला कळत नाही,
आता ओलाच.

दाराबाहेर बर्फातून वीस पावलं,
मग पाणी.
पाण्यात आधीपासून एम्ब्ला.