नववी ब, हजेरी क्रमांक एकतीस

फाईलच्या पहिल्या पानावर चौकटीत माझं नाव आहे.
चौकटीभोवती स्केचपेनची वेल.
पानं तन्झीलाने काढली,
माझी पानं पालीसारखी दिसतात म्हणून.

शाळा उघडल्या उघडल्या जलसुरक्षा.
घरात रोज किती पाणी लागतं ते मोजा.
मी बादलीने मोजलं, पिण्याचं, भांड्यांचं, कपड्यांचं,
आणि जून सरत आला तरी खिडकीत गुरगुरणाऱ्या
कूलरचं. साठ लिटर.
आई म्हणाली, कूलरचं नको लिहू,
मॅडमला वाटेल किती नासाडी करतात हे लोक.
मी लिहिलं.
पण पेन्सिलनं.

मग नदी.
अशोक चौकाच्या पुलावर पाच जणींचा गट,
नाकाला रुमाल, हातात तक्ता :
रंग, वास, सजीव, इतर.
सजीव मध्ये दोन बगळे.
इतर मध्ये एक चप्पल, एक गादी,
आणि खाली उतरून प्लास्टिक वेचणारा माणूस.
त्याला कुठल्या रकान्यात लिहायचं
यावर आमचं भांडण झालं.
त्याने वर पाहून विचारलं, काय मोजता पोरींनो?
नदी, म्हणालो.
तो हसला आणि पुलाखालून पलीकडे गेला.

मराठीला बोलीतले पन्नास शब्द.
काऊन, भैताड, फोकनाड, पोट्टे,
सांबार म्हणजे कोथिंबीर.
नव्या मॅडम साताऱ्याच्या.
त्यांनी सांबारपुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं.
दुसऱ्या दिवशी डब्यातली वडी नेऊन दिली,
त्यांनी खाल्ली,
प्रश्नचिन्हाला शेपटी जोडून बरोबरची खूण केली.

इतिहासाला मुलाखत.
बाबा हेडाऊ, वय पंचेचाळीस,
गांधीबागेमागे कूलर दुरुस्ती,
फेब्रुवारी ते जून. बाकी महिने मिळेल ते.
दहा प्रश्न मी आधीच लिहून ठेवलेले.
प्रश्न चार : तुमच्या वडिलांचा माग का बंद पडला?
तेव्हा त्यांच्या तोंडात स्क्रू होता.
उत्तर चार : हं.
मी तसंच लिहिलं.
सर म्हणाले, उत्तर पूर्ण वाक्यात हवं.

डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन.
माझा बुटाच्या खोक्याचा कूलर :
जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, बारा व्होल्टची बॅटरी,
बाबांच्या दुकानातली उरलेली खस,
सलाईनच्या नळीतून थेंब थेंब पाणी.
उद्देश, साहित्य, कृती, सगळं पाठ.
परीक्षक आले ते मफलर गुंडाळूनच.
सकाळी नऊ अंश होतं.
मी बटण दाबलं, त्यांच्या अंगावर शहारा आला,
ते एक पाऊल मागे सरले.
म्हणाले, चालतोय छान, पण यात नवीन काय?
शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी
लाल फेस ओकत होता.
त्याला पहिला नंबर.

कूलर वर्षभराच्या रद्दीवर जाऊन बसला.
फाईल जमा झाली, परत आली,
शंभरपैकी एकाहत्तर.
निष्कर्षाच्या रकान्यात तीन ठिकाणी
मॅडमचा शेरा : लिही.

मग मे.
रात्री दीडला लाईट गेली.
सगळी गल्ली उठून गच्चीवर चढली.
फक्त बाबा फरशीवर तसेच,
दिवसभरात अकरा कूलर दुरुस्त करून
आपला हात उशाला घेऊन झोपलेले.
मोठा कूलर खिडकीत मुका.

मी रद्दीवरून खोका काढला.
बॅटरी जिवंत आहे का, जिभेने पाहिलं.
खस कोरडी, तरी वास आला.
त्यांच्या डोक्याशी ठेवला, बटण दाबलं.

निरीक्षण :
कपाळावरचे केस हलले.
भुवईतला घाम
आधी थबकला, मग दिसेनासा झाला.
डोळे न उघडताच बाबा म्हणाले,
पाणी टाक थोडं.

मी स्वयंपाकघरात गेले,
अंधारात गुंड चाचपला.
मोजलं नाही.