खिळ्याची रेघ

शृंगारतळीच्या नाक्यावरून आत, बर्फाच्या कारखान्यामागं
यासीन साल्हेचं गॅरेज.
पोचले तेव्हा काटा लाल रेघेला टेकलेला.
मागच्या सीटवर थर्माकोलचा डबा,
डब्यात हेदवीचं, वेळणेश्वरचं, साखरी आगरचं रक्त,
एकवीस नळ्या, प्रत्येकीवर नाव आणि वय.
दोनच्या आत चिपळूणच्या लॅबमध्ये हवं.

झाकणाला हात नको, तो आतूनच ओरडला.
तापलेली टाकी उघडणारा माणूस
एकदाच उघडतो.

मग थांबलो. थांबण्याचे पैसे तो लावत नाही.
बॉनेटखाली लोखंड टकटक करत निवत होतं,
गोडसर वास येत होता,
मांजराचं पिल्लू त्या वासाकडं सरकलं
तसं त्यानं ते उचलून खिडकीत ठेवलं.
पिऊ नये त्यांनी, म्हणाला, गोड लागतं आणि मरतात.

टाकी पूर्वी पांढरी होती म्हणे.
आता गुळाच्या काकवीचा रंग,
आणि जोडावर केसाएवढी चीर,
चिरेच्या काठाला वाळलेल्या हिरव्याची पापडी.
कितीतरी दिवस थेंब थेंब जात असणार.

इथं सगळं गंजतं ना बाई,
क्लिपा, सायलेन्सर, दाराच्या बिजागऱ्या, माझा कूकर.
प्लॅस्टिक गंजत नाही,
म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

उन्हानं का?
नाही. तापून कुणी मरत नाही एवढं.
तापायचं, निवायचं, परत तापायचं. त्यानं.
एका दमात मुंबई गाठणारी गाडी बघा, टिकते.
तुम्ही थांबता.

थांबते मी.
दर वाडीला दहा मिनिटं.
एखादी म्हातारी हातच पुढं करत नाही, मग वीस.

आणि पाणी कमी होतं तुमचं, तो पुढं म्हणाला.
मी रेघ दाखवली. रोज बघते. रेघेच्या वरच असतं.
त्यानं टाकीच्या मागून बॅटरी धरली
आणि त्या काकवीत, माझ्या रेघेच्या
दोन बोटं वर
कंपनीची किमान उमटली, पुसट,
जखमेचा जुना वण उजेडात दिसावा तशी.

माझी रेघ खिळ्यानं ओढलेली होती.
पालशेतच्या विचारे सरांनी, गाडी माझी व्हायच्या आधी.
काय दिसलं असेल त्यांना,
कुठल्या संध्याकाळी, किती घाईत,
की त्या दिवशी जेवढं होतं
तेवढंच पुरेसं धरून चालले?
विचारायला सर आता शारजाला, लेकीकडं.
चार वर्षं मी ती रेघ पाळली.

नवी टाकी रत्नागिरीहून यायची. तोवर एमसील,
आणि झाकण एक आटा ढिलं,
म्हणजे दाब धरणार नाही, पण उकळेल लवकर,
म्हणून चढाला दुसऱ्या गिअरात, आणि हीटर पूर्ण चालू.
मे महिन्यात?
मे महिन्यात.
कारखान्यातून दोन रुपयांचा बर्फ मागवून
त्यानं डब्यात स्वतः भरला.

तशी गेले मी त्या दिवशी.
पायांवर भट्टी, पाठीमागं बर्फ,
काचा उघड्या, तोंडावर लाल धूळ,
एकवीस माणसं कुडकुडत,
मी एकटी घामानं निथळत.
दोनला सात कमी होते.

टाकी आठव्या दिवशी आली, एसटीच्या पार्सलनं,
सोललेल्या ताडगोळ्यासारखी.
आत हिरवं ओतताना चढताना दिसलं,
किमान, मग थोडं वर, बास.

जुनी मागितली. दिली नाही.
गॅरेजच्या मागच्या भिंतीला तारेत ओवून
त्यानं तेवीस टाक्या टांगल्यात,
मार्करनं तारीख, किलोमीटर.
ओरिजिनल, अकरा वर्षं.
लोकल, चौदा महिने.
लोकल, चार महिने, पुढं शिवी, खोडलेली.

तुमची तेरा वर्षं, तो म्हणाला, आणि लिहिलं.
मग खिळ्याच्या रेघेवर अंगठा फिरवला
आणि मार्कर माझ्या हातात दिला.
हिचं काय लिहायचं
ते तुम्ही लिहा.

मी अजून लिहिलेलं नाही.
जाते तेव्हा तो टोपण काढून ठेवतो.