उजव्या दांड्याविषयी

शेंदुरजन्यात, संत्र्याच्या मंडीमागे,
तिजारेच्या सायकल दुकानात
हवेचा पंप आणि जुने टायर यांच्या मधे
एक मशीन होतं मारामारीचं.
एक रुपया, दोन गडी, तीन डाव.

आधी चांगलं सांगते.
त्यात पडलेला माणूस आपोआप उठायचा,
पँट न झटकता.
घंटा वाजली की मागचं सगळं माफ,
दोघांच्याही ताकदीच्या पट्ट्या पुन्हा हिरव्यागार.
असं आमच्या आळीत कोणाचं झालेलं
मी पाहिलं नव्हतं.

आणि लाथ अशी,
की उडालेल्या पायाखाली क्षणभर
अख्खी गोठलेली नदी दिसायची,
नदीकाठी देऊळ, देवळाला घंटा,
घंटेवर कावळा नाही.

नावं होती त्या लढणाऱ्यांना,
पण खिळे सांडल्यासारख्या कुठल्याशा लिपीत.
म्हणून बारसं आम्हीच केलं.
जटावाला तो कोतवाल.
पांढऱ्या दाढीचा, हात मागे बांधून येणारा, हेडमास्तर.
दोन वेण्यांची, गिरकी घेणारी एक होती,
तिला नाव ठेवायचं कोणाला सुचलं नाही.
मी घ्यायचे तिला,
तर सगळे म्हणायचे, "ते तुयी."

आता वाईट.
लाथेचं बटण आत रुतलेलं,
अशपाकनं त्याच्याखाली आगपेटीची काडी खुपसलेली.
कसलाही मार असो, आवाज एकच,
ओलं पोतं आपटल्याचा.
हेडमास्तर खाली वाकला की त्याला काही लागतच नसे;
जो त्याला घेई तो जिंके.
शेवटी पोरांनी ठराव केला, हेडमास्तर बंद.
असले ठराव कागदावर नसतात,
तेच पाळले जातात.
आणि लाइट.
तिसऱ्या डावात, पट्टी सूतभर उरलेली असताना जायची,
काळ्या काचेत आमचीच दोन तोंडं, उघडी.
रुपया परत मिळत नसे.

पण खरा दोष उजव्या दांड्याचा.
तो मागे जात नसे.
वर, खाली, डावीकडे सगळं ठीक;
उजवीकडे ओढला की नुसता हलायचा
पडायला आलेल्या दातासारखा.
आणि त्या खेळात मार अडवायचा
तर मागेच ओढावं लागतं.
म्हणजे उजवीकडे उभा राहील
त्याला ना माघार, ना ढाल.

उजवीकडे कोण, ते सांगायला नको.
"पोट्टी हायेस, खेयू देतो हेच लय झालं,"
सुभ्या उईके म्हणायचा.

दोन हिवाळे लागले मला.
पेट्यांना खिळे ठोकण्याच्या मजुरीतले किती रुपये
तिथं गेले, आईला अजून माहीत नाही.
मार येण्याआधी खांदा हलतो.
कोतवालाची लाथ येण्याआधी जटा हलतात, जेमतेम,
पापणी लवली तर चुकतं.
तेवढ्यात खाली बसायचं.
नाहीतर उडी, थेट त्याच्या डोक्यावरून पलीकडे.
पलीकडे गेलं
की बाजू बदलते,
मग माझं मागे म्हणजे डावीकडे,
आणि डावीकडे दांडा चांगला होता.

हे सुभ्याला पोळा आला तरी कळलं नाही.
ओळीनं सात डाव हरल्यावर
त्यानं तिजारेला हाक मारली,
"काका, मशीन बिघडली!"
तिजारे ग्रीसचे हात फडक्याला पुसत आला,
वाकला, दांडा हलवून पाहिला.
"मशीन त पयलेपासूनच बिघडेल हाय बे.
हे पोट्टी आता खेयाले लागली."

भाचा विचारतो, कसा होता खेळ,
पाचपैकी किती स्टार?
तो दोन अंगठ्यांनी खेळतो,
अडवायला त्याला वेगळं बटण आहे.
मी म्हणते, अडीच.
आवाजाचे कापले, लाइटचे कापले,
हेडमास्तरचा एक अख्खा कापला.
"दांड्याचे?"
दांड्याचे नाही.
आणि तो वरचा अर्धा
त्या नदीचा,
जिच्यावर पुढं उन्हाळा आला की नाही
ते मशीननं कधी दाखवलं नाही.